शून्याचा सौदा

मिरजेला माणसं लांबून येतात ती दोन गोष्टींसाठी, सतार घ्यायला नाहीतर ऑपरेशन करून घ्यायला. सतारवाले परत जाताना खुशीत असतात. ऑपरेशनवाले पहिले दोन दिवस तरी नसतात, आणि ही गोष्ट त्या दोन दिवसांचीच आहे.

एका मंगळवारी तिथल्या एका दवाखान्यात एकाच सर्जननं चार गुडघे बदलले. चारही पेशंट संध्याकाळपर्यंत पोस्ट-ऑप वॉर्डात येऊन पडले. या वॉर्डात बायका वेगळ्या, पुरुष वेगळे असं नसतं, मधे फक्त हिरवे पडदे असतात. पडद्याला कान नसले तरी पडद्यामागच्या माणसाला असतात. त्यामुळं कुणाला कसलं औषध चाललंय आणि कुणाची सून काय बोलून गेली, हे रात्रीच्या आत चौघांनाही एकमेकांचं पाठ झालं.

दाराजवळच्या कॉटवर सांगलीच्या मार्केट यार्डातले हळदीचे अडते होते. सगळे त्यांना शेठ म्हणत. ऑपरेशनच्या आधीच त्यांनी भूलतज्ज्ञ बाईंना बजावलं होतं, “मॅडम, पैशाकडं बघू नका. मला दुखलं नाही पाहिजे. शून्य म्हणजे शून्य.” बाईंनी त्यांच्या पाठीच्या मणक्यात केसासारखी बारीक नळी ठेवली आणि तिच्यातून सुन्न करणारं औषध सतत जात राहील अशी सोय केली. एपिड्युरल म्हणतात ती हीच. वेदना थोपवण्यात तिचा हात धरणारं फार काही नाही. पण ती पाय जड करते, रक्तदाब उतरवते, लघवीला नळी ठेवावी लागते, आणि रक्त पातळ ठेवण्याचं इंजेक्शन नि ही नळी काढणं यांच्या वेळा काटेकोर जुळवाव्या लागतात. हे सगळं बाईंनी शेठना सांगितलं होतं. शेठनी ‘शून्य’ तेवढं ऐकलं.

पलीकडं शिरोळ तालुक्यातले निवृत्त गुरुजी. त्यांच्या कमरेत जुन्या ऑपरेशनचे रॉड-स्क्रू होते, म्हणून पाठीतून सुई घालण्याऐवजी त्यांना पूर्ण भूल दिली आणि नंतरसाठी मॉर्फिनचा पंप लावला. पंपाची वायर गुरुजींच्या हातात, तिच्या टोकाला बटण. दुखलं की पेशंटनं स्वतः दाबायचं. एका दाबात साधारण १ मिलिग्रॅम औषध शिरेत जातं. पुढची काही मिनिटं कितीही दाबा, पंप ढिम्म हलत नाही. या यंत्राची खरी हुशारी मात्र यंत्रात नसून माणसाच्या झोपेत आहे. औषध जास्त झालं की पेशंटला गुंगी येते, गुंगलेला माणूस बटण दाबत नाही आणि पुढचा डोस आपोआप टळतो. म्हणून नियम एकच, बटणाला पेशंटशिवाय कुणी हात लावायचा नाही. आपल्याकडं हा पंप अजून सगळीकडं दिसत नाही. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानंतर मॉर्फिन ठेवायला इतके परवाने लागायचे, की कितीतरी दवाखान्यांनी ते ठेवणंच सोडून दिलं. २०१४ च्या दुरुस्तीनं ती वाट थोडी मोकळी झाली.

खिडकीच्या बाजूला दोघं, कोल्हापूरकडच्या एका तालमीचे वस्ताद आणि आक्का. आक्का कवठेमहांकाळकडच्या, नवरा गेल्यापासून द्राक्षाच्या बागेत मजुरीनं जाणाऱ्या. दोघांना ठरवून दिलेलं जवळजवळ एकच होतं. कमरेतून भूल, मांडीच्या मध्यावर सोनोग्राफीत बघून नसेजवळ एक इंजेक्शन, दर सहा तासांनी पॅरासिटामॉल, गुडघ्यावर बर्फ, आणि एवढ्यानं भागलं नाही तर मागून घ्यायचं वरचं इंजेक्शन. मांडीतलं हे इंजेक्शन पूर्वी जांघेत देत. तिथं दिलं की मांडीचा पुढचा स्नायूच लुळा पडे आणि पेशंट उभा राहताना कोसळे. ते खाली सरकवल्यापासून गुडघा बधिर होतो, पण मांडीतलं बळ बरंचसं शाबूत राहतं. वस्तादांना शिवाय सूज उतरवणारी वेदनाशामक गोळी होती. आक्कांचं क्रिएटिनिन थोडं वाढलेलं, मूत्रपिंडाला जपायचं, म्हणून त्यांना तीही नाही. म्हणजे चौघांत सगळ्यात कमी औषध आक्कांच्या वाट्याला.

रात्री आठला सिस्टर फाइल घेऊन आल्या. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही, आता आकडा सांगा.

“शून्य!” शेठ म्हणाले.

गुरुजी डोळे मिटूनच पुटपुटले, “शून्य.”

“लिवा शून्य,” वस्ताद म्हणाले. त्यांचा उजवा हात कॉटच्या दांडीवर होता आणि बोटांची पेरं पांढरी पडली होती. सिस्टरनी ती पाहिली, पण फाइलमध्ये पेरांचा रकाना नव्हता.

“चार,” आक्का म्हणाल्या.

पडद्यापलीकडून शेठचा आवाज आला, “आक्का, तुम्हाला हलकं औषध लावलंय वाटतं.”

“आसंल. पर बाईनी चारपतूर हुईल म्हनूनच सांगितलं व्हतं.”

बाईंनी ते सांगितलं त्याची हकिगत अशी. आदल्या संध्याकाळी त्या आक्कांना तपासायला आल्या तेव्हा आक्कांनी विचारलं, “किती दुखंल?” बाकीच्या तिघांनी हा प्रश्न विचारला नव्हता. शेठना हमी हवी होती, गुरुजींच्या वतीनं मुलगाच बोलत होता आणि वस्तादांच्या लेखी असलं विचारणं म्हणजे कमीपणा. बाई स्टूल ओढून बसल्या. घाई होती, तरी बसल्या. आक्कांच्या गुडघ्यावर स्वतःचं बोट फिरवून दाखवलं, इथून इथपर्यंत चीर असेल, पुढचा भाग रात्री बधिर राहील, पण मागच्या लवणीत ओढ लागेल, ती लागणारच. पहाटे कधीतरी सुईचा असर उतरायला लागेल. दुखणं वाढायला लागलं की लगेच सांगायचं, कळ शिगेला पोहोचेपर्यंत थांबायचं नाही, कारण पेटलेली कळ विझवायला औषध जास्त लागतं. कळ आली की श्वास धरून ठेवायचा नाही, सोडायचा. गुडघ्याखाली उशी घ्यायची नाही, कितीही बरं वाटलं तरी. आणि पूर्ण थांबवू असं काही मी म्हणत नाही, पण तुम्ही वॉकर धरून संडासपर्यंत जाल इतकं नक्की कमी ठेवू.

“येवढं झालं तरी लई,” आक्का म्हणाल्या होत्या.

हा काही बाईंचा मनाचा मोठेपणा नव्हता, म्हणजे होताही, पण त्यामागं विद्या होती. अमेरिकेत बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये लॉरेन्स एगबर्ट नावाच्या भूलतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटाच्या ऑपरेशनचे ९७ पेशंट घेतले आणि त्यांचे दोन गट केले. एका गटाला आधी भेटून सांगितलं, कुठं दुखेल, किती, किती वेळ, आणि अंग सैल सोडून ते कमी कसं करायचं. दुसऱ्या गटाला यातलं काही सांगितलं नाही. कुणाला सांगितलंय हे सर्जनना माहीत नव्हतं. सांगितलेल्यांना मॉर्फिनच्या जातीची औषधं जवळपास निम्मीच लागली आणि ते सरासरी २.७ दिवस आधी घरी गेले. हा लेख १९६४ साली छापून आला. १८४६ मध्ये ईथरचं पहिलं जाहीर प्रात्यक्षिक झालं ते हेच हॉस्पिटल, तेव्हा तिथं वेदनेबद्दल काही शिकायचं उरलं असेल असं कुणाला वाटलं नसावं. पुढं इटलीत तुरीनच्या फाब्रिझिओ बेनेदेत्तींनी उलट बाजूनं तेच दाखवलं. पेशंटला न कळवता यंत्रानं गुपचूप दिलेलं वेदनाशामक, समोर उभं राहून सांगून दिलेल्यापेक्षा कमी पडतं. औषध तेच, मात्रा तीच. असं असूनही पेशंटजवळ पाच मिनिटं बसण्याचं बिल दवाखान्याच्या दरपत्रकात सहसा दिसत नाही, आणि ज्याचं बिल नाही ते आधी गळतं.

रात्री साडेदहाच्या सुमाराला सिस्टर गुरुजींच्या कॉटशी थांबल्या. मॉनिटरवर ऑक्सिजन ९६. आकडा उत्तम. गुरुजी शांत झोपलेले, शेजारी मुलगा स्टुलावर, आणि बटण मुलाच्या मुठीत.

“झोपेत कण्हले की मी दाबतो,” मुलगा म्हणाला. “त्यांना बिचाऱ्यांना कुठं जमतंय.”

सिस्टरनी काही न बोलता मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं आणि गुरुजींच्या छातीकडं बघत पूर्ण एक मिनिट उभ्या राहिल्या. मुलाला वाटलं, त्या वेळ बघतायत. छाती वर गेली, खाली आली, आणि पुढच्या वेळी वर जायला तिनं इतका वेळ घेतला की मुलगाही उठून उभा राहिला. मिनिटात सात श्वास. नाकाला ऑक्सिजनची नळी लावलेली असली की श्वास मंदावला तरी मॉनिटरचा आकडा बराच वेळ छान दिसत राहतो. म्हणून जुन्या सिस्टर अजूनही छाती मोजतात.

पंप थांबला, गुरुजींना हलवून जागं करायचा प्रयत्न झाला, डॉक्टर आले, नॅलोक्सोनचं इंजेक्शन थोडं थोडं करत दिलं. मॉर्फिनचा असर खोडणारं औषध ते, पण मॉर्फिनच्या आधी स्वतःच ओसरतं, म्हणून रात्रभर कुणीतरी शेजारी बसणं आलं. गुरुजींनी डोळे उघडले. पहिलं वाक्य आलं ते “फार दुखतंय रे.” मुलाला रडू आलं. बापाचं कण्हणं ऐकवत नाही म्हणून त्यानं बापाला दूर दूर ढकलत नेलं होतं. त्याला रागावायचं कुणाच्या जिवावर आलं नाही, पण बटण पुन्हा त्याच्या हाती लागणार नाही याची सोय झाली.

शेठचं लवकर आटोपलं. पहाटे त्यांच्या मोबाइलची बॅटरी उतरली आणि चार्जर समोरच्या लॉकरवर. गुडघा मुळीच दुखत नव्हता, म्हणजे तो चांगलाच असणार, असा हिशेब करून ते खाली उतरले. पाय जमिनीला टेकला, पण टेकल्याची खबर वर आली नाही. ते कॉट आणि लॉकरच्या मधे पडले. बेल वर राहिली. आवाज फुटेना. तेव्हा आक्का जाग्या होत्या, त्यांची सुई नुकतीच उतरायला लागली होती आणि बाईंनी सांगितल्याप्रमाणं त्यांनी सिस्टरना बोलवायला हात वर केलाच होता. त्यांनी उशाचा स्टीलचा तांब्या उचलून कॉटच्या दांडीवर असा काही बडवला की सगळा वॉर्ड उठून बसला.

एक्स-रे काढला. गुडघा वाचला होता. कपाळावर टेंगूळ आणि टाक्यांतून थोडं रक्त, एवढ्यावर निभावलं. “अजिबात दुखलं नाही हो,” शेठ पुन्हा पुन्हा सांगत होते, आणि ते खरंच होतं.

शून्याचा हट्ट एकट्या शेठचा नव्हे. १९९० च्या दशकात अमेरिकेत तज्ज्ञांनी आग्रह धरला की नाडी, ताप, श्वास आणि रक्तदाब जसे मोजता तशी वेदनाही पाचवं लक्षण म्हणून मोजा. हेतू चांगला होता, कारण पेशंट विनाकारण तळमळत होते. पण आकडा आला की तो खाली आणायची घाई येते. तो गोळ्यांनी खाली आणला गेला, आणि अफूच्या जातीच्या गोळ्यांच्या व्यसनानं पुढं त्या देशाचं काय झालं ते आपण वाचलंय. औषध कंपन्यांची हाव त्यात होतीच. पण २०१६ मध्ये तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेनंच हे पाचवं लक्षण सोडून द्या म्हणून ठराव केला. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केहलेट तोवर कितीतरी वर्षं दुसरंच सांगत होते. एकाच जालीम औषधावर भार टाकू नका, वेगवेगळ्या वाटांनी जाणारी थोडी थोडी औषधं द्या, आणि पेशंट लवकर उठतोय का, खातोय का, चालतोय का ते बघा.

सकाळी भूलतज्ज्ञ बाई आल्या. रात्रीचं सगळं त्यांच्या कानावर गेलं होतं. शेठनी टेंगळावर हात ठेवून विचारलं, “मॅडम, एकदा सांगूनच टाका. नळी, पंप, सुई. यातलं भारी कुठलं?”

“कशासाठी भारी?” बाई म्हणाल्या.

शेठना हा प्रश्न परका नव्हता. हळदसुद्धा कुणाला दळायला हवी असते, कुणाला बियाण्याला. ते गप्प बसले.

बाईंनी आकड्यांची फाइल मिटली आणि नव्यानं विचारायला सुरुवात केली. पडल्या पडल्या किती दुखतं हे नको. खोकताना किती? टाच कॉटवर घासत गुडघा वाकवताना किती? उभं राहताना? गुरुजींना खोकायला सांगितलं तर त्यांनी पोट आवळून नुसता घसा खाकरला. आक्का मात्र वॉकर धरून उठल्या. पहाटे मागून घेतलेल्या इंजेक्शनचा असर अजून होता. उठल्या तशा दारापर्यंत गेल्या, तिथं थांबून श्वास सोडला, वळल्या आणि परत आल्या. कपाळावर घाम होता. “आता पाच,” त्या कॉटवर टेकत म्हणाल्या. “बसलं की तीन.”

मग फिजिओथेरपीची मुलगी वस्तादांकडं वळली. वजनानं त्यांच्या निम्मीही नसेल. “काका, गुडघा वाकवू या.”

“काय दुखत न्हाई मला.”

“मग वाकवा की.”

तिनं पांघरूण बाजूला केलं. गुडघ्याखाली घोंगडीची घट्ट वळकटी होती. घरून आणलेली घोंगडी रात्री कुणालाही न सांगता वस्तादांनी तिथं सारली होती. थोडा वाकलेला गुडघा शांत राहतो, खरंच आराम पडतो. पण तसाच दिवसेंदिवस ठेवला तर पुढं तो पूर्ण सरळ न होण्याची भीती असते, आणि मग नवा सांधा घालूनही माणूस लंगडतो. मुलीनं वळकटी काढली तेव्हा वस्तादांच्या तोंडून शब्द फुटला नाही. गळ्याची शीर तेवढी उडत होती. पॅरासिटामॉल सोडून रात्रभर त्यांनी काहीही घेतलं नव्हतं. सूज उतरवणारी गोळी कागदासकट उशीखाली सापडली.

“कुस्तीत माझा खांदा निखळला व्हता,” ते म्हणाले. “डाव संपंस्तवर कळलं न्हाई. आन् ह्यो गुडघा काय घिऊन बसलाय?”

“खोटं नाही म्हणत मी,” बाई म्हणाल्या. दुसऱ्या महायुद्धात १९४४ साली इटलीच्या अँझिओ इथं हेन्री बीचर नावाच्या डॉक्टरांनी गंभीर जखमी शिपायांना विचारलं होतं, मॉर्फिन हवं का? बहुतेकांनी नको म्हटलं. जिवंत सुटलो, आता घरी जायचं, या आनंदात त्यांची जखम मागं पडली होती. “पण वस्ताद, आता समोर जोड नाही. मला एक सांगा. तालमीत एखादं पोरगं लागलेलं लपवत असेल, तर तुम्ही काय करता?”

“हौद्यात उतरू देत न्हाई.” उत्तर लगेच आलं.

“का?”

“खोटं बोलनाऱ्याच्या अंगावर मेहनत कशी घालायची? कुठं लागलंय ते कळल्याबिगर…” आणि ते थांबले.

फिजिओथेरपीची मुलगी टाचेखाली हात धरून उभी होती. पलीकडचे दोन्ही पडदे कान देऊन होते.

“सात,” वस्ताद म्हणाले. “हालवलं की नऊ.”

“सात?” आक्का पलीकडून कडाडल्या. “माज्यापरीस तीन जास्त, आन् रातभर मुक्यानं पडलाय व्हय? माज्याच्यानं तर बोलल्याबिगर न्हवतं झालं.”

वस्तादांना वरचं इंजेक्शन मिळालं, बर्फाची पिशवी आली, उशीखालची गोळी नाश्त्यानंतर पोटात गेली. पाऊण तासानं मुलगी परत आली. त्या बैठकीत गुडघा सत्तर अंशांपर्यंत गेला. घरी जाताना साधारण नव्वद हवा असतो. सत्तरला वस्तादांनी मुलीला एक तालमीतली शिवी हासडली आणि लगेच माफी मागितली. मुलीनं कागदावर लिहून घेतलं, सत्तर. शिवीचा रकाना नव्हता.

दुपारपर्यंत गुरुजींचा पंप बदलून मात्रा कमी झाली आणि बटण त्यांच्या बोटाला चिकटपट्टीनं बांधलं गेलं. शेठच्या नळीतलं औषध निम्म्यावर आणलं. संध्याकाळी पायाची बोटं हलायला लागली, तसं दुखणंही आलं. तीन, मग चार. शेठनी एकदा दात आवळले, मग आक्कांना विचारलं, “तो श्वास कसा सोडायचा म्हणाला होता?” आक्कांनी पडद्यापलीकडून शिकवलं.

बाई जायला निघाल्या तेव्हा शेठनी त्यांना थांबवलं. “माझा डावा पण करायचाय, दिवाळीनंतर. त्या वेळी मी शून्य मागणार नाही. चारवर सौदा करू.”

“चार चालेल?”

“चालेल. पण आदल्या दिवशी तुम्ही येऊन बसायचं, आक्कांकडं बसलात तसं. सगळं सांगायचं.”

“बसेन.”

“आणि पाचच्या वर गेलं तर?”

“बेल दाबायची.”

“बेल दाबून कुणी आलं नाही तर?” शेठ म्हणाले. मुरलेला व्यापारी, शेवटची अट तो अशीच राखून ठेवतो. रात्रपाळीला एवढ्या वॉर्डाला सिस्टर दोनच होत्या, हे बाईंनाही माहीत होतं आणि आता शेठनाही. त्यामुळं बाईंनी उत्तर द्यायला वेळ घेतला.

“माजा बी दुसरा ऱ्हायलायच की,” पडद्यामागून आक्का म्हणाल्या. “एकाच तारखंला घिऊ. तांब्या आनते मी.”